नक्कल

मागचे सात महिने मी एका चित्राची नक्कल करतो आहे. चित्र हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या व्हर्मीरचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. पिवळ्या कपड्यातली एक तरुण बाई मान खाली घालून लेस विणते आहे, बस्स, एवढंच त्यात आहे. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असतं. उंची साधारण २४ सेंटिमीटर, रुंदी २१, म्हणजे फुलस्केप कागदापेक्षाही ते लहान. माझी नक्कल १४ बाय १२ इंचांची, तेलरंगात, सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत चालली आहे.

टर्पेंटाइनचा वास जिन्यावरून खाली उतरतो, त्यामुळे गल्लीपासून काही लपत नाही. पन्नाशी उलटलेला मराठीचा मास्तर अचानक चित्रं काढायला लागला म्हटल्यावर लोक विचारणारच. ह्या वयात? याचं उत्तर सोपं आहे. रिटायरमेंट दिसायला लागली की लोक प्लॉट घेतात, मी रंग घेतले. दुसरा प्रश्न शाळेतले सहकारी विचारतात: नक्कलच कशाला, स्वतःचं काहीतरी काढा की. तिसरा प्रश्न जुम्म्याच्या नमाजनंतर चपला घालताना येतो, आवाज खाली आणून: "मास्तर, चेहरा काढताय म्हणे. चालतं का?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, असं मला आता वाटायला लागलं आहे. ते चपला घालता घालता देता येत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात अम्मीपासून झाली. तिला जाऊन तीन वर्षं झाली. घरात तिचा एकच धड फोटो आहे, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. मागं पांढरा पडदा, समोर रोखलेले ताठ डोळे, घट्ट मिटलेले ओठ. फोटो तिचाच आहे, पण त्यात अम्मी नाही. समोर बघणारी अम्मी आम्ही फार पाहिलीच नाही. चाळीस वर्षं ती विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि रात्री भिजवून सकाळी कातरलेली पानं. एक पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोऱ्याचे वेढे, तोंड मुडपलं की पुढची. मजुरी हजारावर. हजार भरेपर्यंत मान वर होत नसे. बोलायची, रागवायची, आमचे पाढे म्हणून घ्यायची, सगळं खाली बघूनच. सोलापुरात अशी हजारो घरं आहेत. आमच्यात आहेत, पूर्व भागातल्या पद्मशाली समाजात त्याहून जास्त आहेत. ह्या शहरात आईचा चेहरा आठवायचा म्हटलं की अनेकांना आधी तिच्या डोक्यावरचा भांग आठवत असणार.

मला त्या चेहऱ्याचं चित्र हवं होतं. पूर्व भागातच राहणारे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर कोणीतरी सुचवले. त्यांच्याकडे पासपोर्टचा फोटो घेऊन गेलो. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "मास्तर, आईला एवढ्यात हात लावायचा नाही. चुका होणारच, आणि आईच्या चेहऱ्यावर झालेली चूक तुम्हाला सहन होणार नाही. आधी एका परक्या बाईची नक्कल करा. वर्षभर." मग त्यांनी एक जाडजूड पुस्तक पुढं सरकवलं. मी पानं उलटत गेलो. राण्या होत्या, मोत्याचे कानातले घातलेल्या मुली होत्या. ह्या लेसवालीपाशी माझा हात थांबला. सरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही तर विडीच वळतेय की."

तिच्याही बोटांत दोराच आहे.

नक्कल सोपी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती केलेली नसते. आधी छापील चित्रावर पेन्सिलनं चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर, आणि एकेका चौकटीत काय दिसतं ते कोळशानं उतरवलं. लूव्र १७९३ मध्ये लोकांना खुलं झालं तेव्हापासून तिथं नक्कल करणाऱ्यांना बसू देतात, आजही परवानगी काढून बसता येतं. अट अशी की तुमचं चित्र मूळ चित्राच्या मापाचं असता कामा नये, आणि त्यावर मूळ चित्रकाराची सही नको. सरांनी मलाही तीच अट घातली, म्हणून माझा कॅनव्हास जवळजवळ दीडपट. पहिला महिना फक्त एकच रंग, बर्न्ट अंबर नावाचा तपकिरी. टर्पेंटाइननं पातळ केलेल्या त्या एकाच रंगात सगळा उजेड-अंधार बसवायचा. पुढच्या थरांत हळूहळू तेल वाढवत जायचं. खाली तेलकट आणि वर पातळ झालं तर वरचा थर पुढं तडकतो. हे तेल म्हणजे जवसाचं. ज्या जवसाची आपल्याकडे चटणी होते, त्याच्याच तेलात घोटलेल्या रंगांवर युरोपची सगळी संग्रहालयं उभी आहेत. सरांनी हे सांगितलं तेव्हा उगाचच बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात मी तिचे डोळे काढले. माझ्या मते छान जमले होते. सर आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "ही बाई तुमच्याकडे का बघतेय?"

मूळ चित्रात तिची बुबुळं दिसतच नाहीत. खाली झुकलेल्या पापण्या दिसतात, म्हणजे खरं तर दोन मऊ, किंचित गडद डाग. मी मात्र बदामासारखे दोन डोळे काढून त्यांत बुबुळं भरली होती. चित्र समोर होतं, चष्मा नाकावर होता, चौकटी आखलेल्या होत्या, आणि तरी मी समोर नसलेली गोष्ट काढली. डोळा कसा असतो हे मला 'माहीत' होतं, मी ते माहीत असलेलं काढलं. दिसत होतं ते नाही.

सरांचा उपाय साधा. त्यांनी छापील चित्र उलटं टांगलं, माझा कॅनव्हासही उलटा केला. डोकं खाली, हात वर. आता ती बाई राहिली नाही. पिवळ्याचा एक मोठा तुकडा, त्याला लागून राखाडी, मध्ये एक गुलाबीसर पट्टा. पंधरा दिवस मी उलटंच काम केलं. सरळ केलं तेव्हा पहिल्यांदा ती खाली बघत होती.

मग काळ्या रंगावर बंदी आली. सावली म्हणजे काळी, हे आणखी एक 'माहीत' असलेलं. तिच्या हनुवटीखालची सावली हिरवट तपकिरी निघाली. गालावर पांढरा, पिवळी माती आणि थोडा लाल एवढंच लागलं. पण शेजारची भिंत जोवर नीट राखाडी होत नाही तोवर तो गाल गाल वाटत नव्हता, आजारी माणसाचा वाटायचा. उजेडाचा घोळ वेगळाच. व्हर्मीरच्या बहुतेक चित्रांत उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो, ह्या चित्रात उजवीकडून येतो. माझ्या खोलीची खिडकी डावीकडे. दोन महिने मी चुकीच्या बाजूनं येणाऱ्या उन्हात बसून चुकतोय हे कळायलाच वेळ गेला. शेवटी स्टँडच फिरवला. साल्वादोर दाली १९५५ मध्ये हेच चित्र समोर ठेवून नक्कल करायला लूव्रमध्ये बसला होता, आणि त्यानं काढली गेंड्याची शिंगं. त्यानं ती मुद्दाम काढली. माझ्या लेसवालीचं नाक दोन वेळा तसं झालं ते मुद्दाम नव्हतं.

एक गोष्ट मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसली, आणि ती पुस्तकात वाचून कधी दिसली नसती. चित्राच्या पुढच्या भागात निळी उशी आहे, तिच्यातून लाल-पांढरे धागे बाहेर सांडलेत. हे धागे आपल्या सगळ्यात जवळ, तरी अस्पष्ट, सांडलेल्या रंगासारखे ओघळलेले. आणि तिच्या बोटांमध्ये ताणलेला केसाएवढा दोरा मात्र अगदी स्पष्ट. मी आधी लाल धागे घासूनपुसून टोकदार केले होते, आणि चित्र मेलं होतं. पुन्हा मऊ केले तेव्हा कळलं: ती जिथं बघते आहे तेवढंच व्हर्मीरनं नीट दाखवलंय. आपण तिच्याकडे बघतोय असं वाटतं, पण बघत असतो तिच्या नजरेनं. अम्मी समोर बसलेली असताना तिच्या नजरेनं मी एकही विडी पाहिली नाही. विड्या मोजायचो फक्त.

त्या निळ्याबद्दल एक आडवळण. व्हर्मीर हा निळा लाजवर्द दगडाचा वापरायचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून निघायचा आणि मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत युरोपात पोचायचा. भाव असा की चित्रकार तो जपून वापरत; व्हर्मीर मात्र सढळ हातानं वापरायचा, आणि मेला तेव्हा बायको, अकरा पोरं आणि कर्ज मागं ठेवून गेला. पावाच्या उधारीपोटी त्याची दोन चित्रं बेकरीवाल्याकडे गेली. उधारीचं सोलापूरला नवल वाटू नये. माझा निळा कॅम्लिनच्या ट्यूबमधला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तो कृत्रिम करायची रीत सापडली म्हणून मास्तरच्या पगारात परवडतो.

आता दुसरा प्रश्न. नक्कल कशाला?

आपल्याकडे ह्या शब्दाचं वाटोळं परीक्षेनं केलं. मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो, नक्कल करू नका. पण तलाठ्याकडे जाऊन आपण सातबाऱ्याची नक्कल काढतो तेव्हा ती खरी असते, तिच्यावर शिक्का असतो. अरबीतला मूळ शब्द नक्ल, आणि मदरशांत तो फार मानाचा आहे. माणूस स्वतःच्या अकलेनं मिळवतो ते ज्ञान वेगळं, आणि आधीच्यांकडून जसंच्या तसं हाती आलेलं, पुढं पोचवायचं ते ज्ञान वेगळं. ह्या दुसऱ्या प्रकाराला मनकूल म्हणतात. कुराण आणि हदीस आपल्यापर्यंत असेच आलेत, कोणीतरी काना-मात्रा न बदलता नक्कल केली म्हणून. खत्ताती शिकायची तीही अशीच. उस्तादनं एक ओळ लिहून द्यायची, शागिर्दनं ती शेकडो वेळा उतरवायची. त्याला मश्क म्हणतात. उस्ताद इजाजत देत नाही तोवर स्वतःची सही करायची नाही. लूव्रची अट आणि आपल्या उस्तादांची अट एकाच जातीची आहे.

आणि ही परंपरा चेहऱ्यांपर्यंत पोचलेलीही आहे, आपल्याच मुलखात. कोल्हापूरचे अबालाल रहिमान कुराणाच्या नकला करणाऱ्या कातिबांच्या घराण्यातले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, परत येऊन शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले. माणसं, जनावरं, रंकाळ्याची पहाट-संध्याकाळ, सगळं त्यांनी काढलं. १९३१ मध्ये ते गेले. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेची गोष्ट त्यांच्या नावाशिवाय सांगता येत नाही, पण आपल्या घरांतल्या पोरांना हे नाव विचारून बघा. बापाचा बोरू अन् मुलाचा कुंचला ह्यांत त्या घराला भांडण दिसलं नसावं. दोन्ही कामं एकच मागतात: समोर आहे ते बघ, तुझं घुसडू नकोस.

आणखी जवळचं उदाहरण मकबूल फिदा हुसेनचं. १९१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मला. तोही पोरवयात कुफी लिपी गिरवून आलेला, पुढं मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवणारा. तो दोनेक वर्षांचा असतानाच आई गेली आणि तिचं एकही छायाचित्र नव्हतं. त्याच्या किती चित्रांतल्या बायकांना चेहरा नाही. मदर तेरेसा काढली तीही पांढरी साडी आणि आत रिकामा काळोख. समीक्षक त्यावर बरंच काही लिहितात. तो स्वतः त्याचा धागा आईपर्यंत नेत असे. मला ते आधी जरा नाटकी वाटायचं. पासपोर्टचा फोटो हातात घेऊन बसलो तेव्हा वाटलं नाही.

तर तिसरा प्रश्न. चालतं का?

मी आलिम नाही आणि फतवे द्यायची मला हौस नाही. तसवीर करणाऱ्यांबद्दलच्या हदीस आहेत आणि त्या कडक आहेत. त्या नाहीतच असं म्हणणं खोटं ठरेल. कयामतच्या दिवशी चित्र करणाऱ्याला सांगितलं जाईल की आता ह्यात जीव घाल, हा त्यांतला आशय सगळ्यांना ठाऊक आहे. पोटासाठी चित्रं काढणाऱ्या एका माणसाला इब्न अब्बासनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायचा सल्ला दिला, हेही बुखारीत आहे. दुसरीकडे हजरत आयेशांच्या बाहुल्यांचाही उल्लेख हदीसमध्येच सापडतो. उलमांमध्ये ह्यावर मतभेद जुने आहेत. इजिप्तच्या मुहम्मद अब्दुहूंनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्रांच्या बाजूनं लिहिलं. मूर्तिपूजेच्या भीतीपोटी आलेली मनाई आणि बघण्या-शिकण्यासाठीचं चित्र ह्यांत त्यांनी फरक केला. आणि इथून शंभर किलोमीटरवर विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे जे चेहरे त्याच्या दरबारी मुसव्विरांनी काढले, ते जगातल्या संग्रहालयांत काचेखाली आहेत. त्याच दरबारात हार्लेमहून आलेला हेडा नावाचा एक डच चित्रकारही नोकरीला होता. व्हर्मीरचा जन्म व्हायच्या आधीच त्याचा देशबांधव आपल्या शेजारी रंग घोटून गेला होता.

पण माझं म्हणणं पुराव्यांवर उभं नाही, कारण पुरावे दोन्हीकडे आहेत. माझं म्हणणं त्या कॅनव्हाससमोर बसून आलंय. त्या हदीसमध्ये इशारा आहे तो घमेंडीला, अल्लाहच्या निर्मितीशी बरोबरी करायला निघालेल्या माणसाला. सात महिने एका चेहऱ्याची नक्कल केल्यावर मला त्या घमेंडीची सोय राहिलेली नाही. एक झुकलेली पापणी जमायला मला पाच आठवडे लागले, तीही दुसऱ्या माणसाच्या चित्रावरून. ह्यात जीव घाल म्हणून मला कोणी सांगितलं, तर 'नाही जमत' हे उत्तर माझ्याइतकं आतून कोण देईल? स्वतःच्या मनानं चेहरे रचणाऱ्याला कदाचित गर्व होत असेल. नक्कल करणारा रोज हरतो. म्हणून म्हटलं, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

शिवाय आपण कशाला हो म्हणतो तेही बघू. आधारला चेहरा, हजला चेहरा, लग्नात ड्रोन, स्टेटसला रोज नवा चेहरा. जिथं बघायचे कष्ट नाहीत तिथं सगळं चालतं. चार हुतात्मा चौकात कुर्बान हुसेन उभे आहेत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत फासावर गेलेला आपला माणूस. त्यांचा चेहरा ह्या शहराला माहीत आहे तो पुतळ्यामुळे, आणि तिथं उभं राहताना आपली छाती फुगते. अडतं कुठं, तर आपली पोरगी वहीत माणूस काढते तिथं.

मी शाळेत बघतो. इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्र असतं. बाजार, बसस्टँड, जत्रा, काहीही येतं, आणि त्यात माणसं काढावीच लागतात. आपली मुलं डोंगर, सूर्य, नारळाचं झाड सुरेख काढतात आणि माणसाशी आली की हात आखडतो. परीक्षेचे गुण जातात ते जाऊ द्या. त्याहून वाईट मी दुसरं पाहिलंय. एकदा वर्गात ईदचा बाजार काढायला सांगितला होता. आपल्याच मुलांनी काढलेले मुसलमान कसे होते? गोल टोपी, त्रिकोणी दाढी. सगळ्यांचे बाप रोज डोळ्यांसमोर, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी कारखान्यात टॉवेल विणणारा, निम्म्यांना दाढीच नाही. पण पोरांनी काढला तो सिनेमाच्या पोस्टरवरचा आणि 'विविधतेत एकता'च्या भिंतीवरचा मुसलमान. त्यांनीही नक्कलच केली होती, फक्त समोरच्या माणसाची नव्हे, दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या आपल्या चित्राची. आपण आपले चेहरे काढणं सोडलं म्हणून ते काढले जायचे थांबत नाहीत. ते काढतात दुसरे, न बघता. आणि मग वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रावर आपणच चिडतो.

हे सगळं मी इतक्या तावातावानं सांगतोय त्याला एक कारण आहे, आणि ते माझ्या बाजूचं नाही.

माझी आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एलिमेंटरीला तिला ए ग्रेड मिळाली होती. आमच्या गल्लीत तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. तिच्याकडे एक जाड कागदाची वही होती, तिच्यात घरातली सगळी माणसं होती. अब्बा, शेजारची खाला, झोपलेला मी. मी अकरा वर्षांचा होतो. मकतबमध्ये तसवीरबद्दल ऐकून आलो होतो, आणि दुपारी सगळे झोपलेले असताना अब्बांच्या दाढीच्या ब्लेडनं त्या वहीतल्या प्रत्येक चेहऱ्याचे डोळे खरवडले. कोणी सांगितलं नव्हतं. सवाब मिळेल असं वाटलं होतं. आपा ओरडली नाही, रडली नाही. वही उचलून ट्रंकेत ठेवली. अम्मीनं मात्र सूप बाजूला केलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मग सूप परत मांडीवर घेतलं. आपा इंटरमिजिएटला बसली नाही, पुढं ती वहीही कुठं गेली कुणास ठाऊक. त्या वहीत विड्या वळणारी अम्मी होती.

मागच्या महिन्यात आपा बार्शीहून आली. गुडघे दुखतात, तरी जिना चढून वर आली. पंख्याखाली खुर्चीत बसून बराच वेळ माझी नक्कल बघत राहिली. मी चहा घेऊन आलो तरी बघतच होती. मग म्हणाली, "इसका अंगूठा देख रे. इत्ता मोटा रहा तो धागा पकडेगी कैसी?"

सरांच्या नजरेतूनही ते सुटलं होतं. मी छापील चित्र पुढं केलं. तिनं कोळशाचा तुकडा मागितला, वर्तमानपत्राच्या कडेला दोन रेघांत तो अंगठा काढून दाखवला आणि हात पदराला पुसले. चाळीस वर्षांनी.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. तुझ्या वहीत अम्मी होती, तिचे डोळे कसे काढले होतेस? मला ते आठवत नाहीत.

"आँखां कां थे?" ती म्हणाली. "नीचे देखरी थी ना अम्मी. मैं तो बनाईच नहीं थी. तूच पता नहीं क्या खुरचा."

मी गप्प बसलो. तिनं चहा संपवला, खिडकी बारीक आहे, इथं उजेड कमी पडतो असं म्हणाली, आणि जाताना विचारलं की हे कॅनव्हास नवी पेठेत मिळतं का, की बाहेरून मागवावं लागतं. संध्याकाळच्या गाडीनं ती बार्शीला गेली.

अंगठ्यावरचा रंग मी सुरीनं काढून टाकलाय. अजून ओला होता, सहज निघाला.